वरची खोली रिकामी आहे, पांडुरंगा

पांडुरंगा, रात्रीचा एक वाजून गेलाय. चौकात, बोळात, जिन्याच्या वळणावळणावर तुझी माणसं झोपली आहेत. कुणी पिशवी उशाला घेतलीय, कुणी टाळ पोटाशी धरलेत. वरच्या रिकाम्या खोलीत बाया आहेत, अकरा जणी. त्यांच्या तुळशी खिडकीत ओळीनं मांडल्यात. तुकोबांची पालखी इथून हाकेच्या अंतरावर, निवडुंग्या विठोबाच्या देवळात आहे आणि माऊलींची पलीकडे भवानी पेठेत. पुण्यातला दोन रात्रींचा मुक्काम आज संपला. आता उजाडलं की एक पालखी लोणी काळभोरची वाट धरेल आणि दुसरी दिवे घाट चढून सासवडला जाईल.

संध्याकाळी देवळापर्यंत जाऊन आले, पण रांग फार लांब होती आणि माझे गुडघे साथ देईनात. म्हणून इथेच, तुझ्या तसबिरीसमोर बसलेय. समई लावली नाही, दाराशी झोपलेल्यांच्या डोळ्यांवर उजेड यायला नको.

झोप लागत नाही, कारण पाऊस. दहाच्या सुमाराला दुसऱ्या मजल्यावरच्या पोरींनी हाक मारली, "काकू, परत गळायला लागलं." दोघी रास्ता पेठेतल्या इस्पितळात नर्स आहेत. एकीची आज रात्रपाळी, दुसरी घरी होती. बादली घेऊन मी वर गेले. पंख्याच्या हुकापासून वीतभर अंतरावर ओलीचा डाग आलाय, ताटाएवढा. त्याच्या मधोमध थेंब धरतो, फुगतो, जड होतो, क्षणभर लोंबकळतो आणि पडतो. पोरीनं पलंग ओढून भिंतीला लावला होता आणि पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत भरून ठेवली होती. मी पंख्याचं बटण बंद करून त्यावर चिकटपट्टी लावली, चुकून कुणी चालू करू नये म्हणून. ती मलाच म्हणाली, "तुम्ही झोपा काकू, बादली मी ओतते." सकाळी सातला तिची ड्यूटी आहे. महिन्याचे 9,000 रुपये देऊन ती माझ्या घरात रात्रभर बादल्या ओतणार आणि वर मला झोपायला सांगणार. खाली येताना मला जिना उतरवेना.

देवा, मागायचं पुष्कळ आहे, पण आधी सांगायचं आहे.

तुला ठाऊकच आहे, हे घर माझं नाही. मामंजींनी बांधलं, यांनी राखलं आणि हे गेल्यावर माझ्या हाती किल्ल्यांचा जुडगा आला. खाली दोन खोल्यांत मी राहते. पहिल्या मजल्यावर अण्णा आणि वहिनी आहेत, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. एकीत पोरी, दुसरी चैत्रापासून रिकामी. यांच्या निवृत्तीवेतनातलं मला जे अर्धंमुर्धं मिळतं त्यात औषधं भागतात. बाकी सगळं भाड्यावर चालतं. म्हणजे लोक माझ्या छपराखाली राहतात आणि मी त्यांच्या भाड्यावर राहते. हा व्यवहार आहे, त्याची मला लाज वाटत नाही. तू लाज वाटायला लावूही नकोस.

या घराचा पहिला भाडेकरू पुरातून आला. 12 जुलै 1961. पानशेत फुटलं, खडकवासल्याचं धरणही गेलं आणि शनिवार, नारायण, कसबा या पेठांतले वाडे पाण्यात बसले. आमचा भाग उंचावर, इथवर पाणी आलं नाही. सासूबाई सांगायच्या, संध्याकाळी दारात एक माणूस उभा होता, कमरेपर्यंत चिखलानं माखलेला. बरोबर बायको, कडेवर मूल, पंधरा वर्षांचा एक मुलगा आणि त्या मुलाच्या हातात स्टोव्ह. एवढाच संसार वाचला होता. मामंजींनी त्यांना आत घेतलं, आधी पाणी दिलं, मग चहा, मग कोरडे कपडे. नाव विचारायचं रात्री जेवताना सुचलं. भाडं ठरलं ते सहा महिन्यांनी, दोन खोल्यांचे 35 रुपये. तेही त्या माणसानंच विषय काढला म्हणून.

तो स्टोव्ह धरून उभा असलेला मुलगा म्हणजे आमचे अण्णा. आज ऐंशीच्या घरात आहेत. दर महिन्याच्या पाच तारखेला जिना उतरून येतात, मोजून आणलेले पैसे ठेवतात आणि मी पावती लिहीपर्यंत थांबतात. पावती देणं कायद्यानं मला भागच आहे, पण अण्णा ती ज्या तऱ्हेनं घडी करून खिशात ठेवतात ते बघण्यासारखं असतं. त्यांच्याकडे मामंजींच्या हातच्या पावत्याही आहेत, दोऱ्यात ओवलेल्या.

आता तुझ्यापाशी खरं बोलते. त्या 35 रुपयांचा मला राग यायचा. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी जखडून ठेवली. पुढे 1999 चा नवा कायदा झाला, 31 मार्च 2000 पासून लागू झाला आणि वर्षाला 4 टक्के वाढ मिळू लागली. पस्तीसावर 4 टक्के म्हणजे किती रे, देवा? इतकी वर्षं वाढून अण्णांचं भाडं अजून शंभरावर गेलेलं नाही. त्याच आकाराच्या खोल्यांना शेजारी पंधरा-सोळा हजार येतात. संडासाची पाइप बदलायला एकदा जेवढा खर्च आला तेवढं अण्णांचं भाडं मला दहा वर्षांत मिळत नाही. हे यांच्याजवळ बोलायची सोय नव्हती. हे म्हणायचे, "ते भाडेकरू नाहीत, ते पूर आहेत. पुराशी कोण भांडतं?" पण हे गेल्यावर मी एकटीच हिशेब घेऊन बसू लागले, तेव्हा तो राग पुन्हा वर आला.

अशात दोन वर्षांपूर्वी एक जण आला. इमारती पाडून नव्या बांधणाऱ्यातला. गोड बोलला, मला आई म्हणाला. त्यानं भिंती ठोकून पाहिल्या, गच्ची पाहिली आणि निघताना हळूच म्हणाला, "आई, आता एक पैसा दुरुस्तीला घालू नका. दोन पावसाळे जाऊ द्या. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक घरांची पाहणी करते, नोटीस लागली की जुने लोक आपोआप हलतात. मग पुढचं मी बघतो." वहिनी तेव्हा वरच्या गॅलरीत गहू निवडत बसल्या होत्या. मी त्याला हाकलून दिलं नाही, पांडुरंगा. विचार करते म्हणाले. त्या रात्री खरोखरच विचार केला. दोन पावसाळे. भिंत स्वतःहून पडली तर पाप कुणाचं, असाही विचार मनात आला.

तेव्हा चोखोबा आठवले. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चाललं होतं, भिंत कोसळली आणि दगडामातीखाली ते गेले. नामदेव तिथे गेले, हाडं शोधली. ज्या हाडांतून तुझं नाव ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून ओळखली आणि तुझ्या महाद्वारापाशी त्यांची समाधी केली, असं लहानपणापासून ऐकत आले. लहानपणी मला त्या हाडांचं नवल वाटायचं. त्या रात्री पहिल्यांदा भिंतीचा विचार आला. भिंत कुणाची होती? ती बांधून घेणारा कुठे होता? त्याचं नाव कुणी लक्षात ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या माणसाला फोन करून नको म्हटलं. गॅलरीचे सडलेले वासे बदलून घेतले, लोखंडी आय-बीम टाकले आणि गिलावा केला. त्यात यांची ठेव मोडली. त्या दिवशी मला वाटलं, मी परीक्षेत पास झाले. तसं वाटायला नको होतं.

कारण गच्ची राहिली.

गवंड्यानं मला गच्चीवर नेऊन समजावलं होतं. पन्हाळीचं तोंड बोळा कोंबून बंद केलं, गच्चीवर चार बोटं पाणी भरलं आणि चोवीस तास तसंच ठेवलं. मग खाली येऊन आम्ही दोघं वर बघत बसलो. पाणी पंख्यापाशी ठिबकत होतं, आणि शिरत होतं पार दुसऱ्या टोकाला, टाकीच्या पायापाशी. तिथून ते स्लॅबच्या आत सळईच्या कडेनं चालत येतं, वाट सापडेल तिथे थांबतं आणि बाहेर पडतं. तो म्हणाला, "मावशी, खालून कितीही लांबी भरा, रंग मारा, उपयोग नाही. जुना कोबा उखडून नवा घालायचा, ब्रिकबॅट कोबा, कठड्याच्या कडेनं गोल वाटा काढायचा. आणि टाकी उचलून पाय नवे करायचे." त्यानं 72,000 रुपये सांगितले, पावसाच्या आधी. मी हो म्हटलं, विसार दिला नाही, आणि मे महिना निघून गेला.

का गेला, ते तुला सांगायचंय. बाकी सगळं मी कुणालाही सांगू शकेन, हे फक्त तुला.

चैत्रात वरची खोली रिकामी झाली. पाटी लावली नाही, एजंटाला सांगितलं नाही, एका ओळखीच्या माणसाला बोलले फक्त. आठवड्यानं एक मुलगा आला. लातूरकडचा. औषधाच्या दुकानात काम करत होता आणि रात्री परीक्षेचा अभ्यास. उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, पायरीच्या कडेला नीट जोडून ठेवल्या. खोली बघायला वर गेला. माणूस खोली कशी बघतो त्यावरून मला पुष्कळ कळतं. कुणी आधी खिडकी बघतं, कुणी मोबाइलची रेंज. यानं नळ सोडून पाहिला, बंद केला आणि तो पूर्ण बंद झाला का हे हात लावून पाहिलं. पाणी किती वाजता येतं ते विचारलं. सायकल कुठे लावू ते विचारलं. भाडं ऐकून गप्प झाला, मनात हिशेब केला आणि म्हणाला, "जमेल मला." मला तो आवडला होता, देवा. मी त्याला बसवलं. पेल्यात पाणी दिलं.

आणि मग मी आडनाव विचारलं.

त्यानं सांगितलं. सरळ सांगितलं, घुटमळला नाही. आणि माझं तोंड माझ्या आधीच बोलून गेलं. "अरे, मी मुलाला विचारून सांगते हं. आणि एकानं तसं टोकन द्यायचंही म्हटलंय. शिवाय खालचे लोक जुने आहेत, त्यांना चालायला हवं." एका दमात तीन खोट्या गोष्टी. मुलाला मी खोलीच्या बाबतीत कधी काही विचारत नाही. टोकन कुणाचं नव्हतं. अण्णांना तर मी काही बोललेच नव्हते.

त्याला कळलं. या वयाच्या पोरांना हे इतक्या लवकर कळतं, म्हणजे किती दारांवर कळलं असेल! तो रागावला नाही. पेला त्यानं हातात घेतला होता, ओठाला लावला नव्हता. तो त्यानं तसाच भरलेला, सांडू न देता, स्टुलावर ठेवला. "बरं काकू," म्हणाला. चपला घातल्या आणि गेला.

संध्याकाळी अण्णा जिन्यात भेटले. म्हणाले, "काय हो, तो मुलगा ठरला का? चांगला वाटला. खालपासून माझी भाजीची पिशवी वर आणून दिली त्यानं." ज्यांचं नाव पुढे करून मी दार लावलं, त्यांनीच मला विचारलं. मी म्हटलं, "नाही जमलं." ही चौथी खोटी गोष्ट.

मामंजींनी चिखलानं भरलेल्या माणसाला आधी पाणी दिलं आणि नाव रात्री विचारलं. पाणी मीही आधीच दिलं होतं. पण ते पोटात जाण्याआधी मी आडनाव विचारलं आणि पाणी पेल्यातच राहिलं.

खोली तीन महिने रिकामी राहिली. 27,000 रुपये आले नाहीत. विसाराचे पैसे जवळ नव्हते म्हणून गवंड्याला थांबवलं, आणि आज त्या पोरीच्या खोलीत पाणी गळतंय. हा तुझा कोप आहे असं मी म्हणणार नाही. तू असा हिशेबी नाहीस. हा माझाच हिशेब आहे, मीच मांडलेला आहे, आणि त्यातले पैसे ती पोर भरतेय.

काल संध्याकाळी दिंडीतल्या बाया आल्या तेव्हा मी तीच खोली उघडली. झाडून घेतली, सतरंज्या घातल्या, माठ भरला. एकीचे पाय फोडांनी भरलेले, मी कोमट पाण्यात मीठ घालून दिलं. तिनं मला वाकून नमस्कार केला, मी तिला केला, ती मला माऊली म्हणाली, मी तिला माऊली म्हटलं. अकरा जणी आल्या नि मी एकीचंही आडनाव विचारलं नाही. विचारावंसं वाटलंच नाही. करार नाही, डिपॉझिट नाही, पोलिसांकडे द्यायचा फोटो नाही. दरवर्षी माझ्याकडून हे अगदी सहज होतं, दोन रात्री. मग उरलेले दिवस मला काय होतं, विठ्ठला? तीच खोली, तोच उंबरा, तीच मी.

आणि तुला तरी काय सांगू. तुझं पंढरीचं घर तुझंच म्हणायचं, पण किल्ल्या दुसऱ्यांकडे होत्या. ज्या चोखोबांना तू आपलं मानलंस त्यांची समाधी तुझ्या दाराच्या बाहेर. त्यांच्या लोकांसाठी ते दार उघडायला साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात उपोषण करावं लागलं. त्याच 1947 सालच्या कायद्यानं भाडेकरूला घरातून सहज काढता येईना. आमच्यासारख्या मालकांनी त्या कायद्याबद्दल किती कुरकुर केली. पण दार कुणासाठी उघडायचं हे ठरवायचं काम त्या कायद्यानंही आमच्याच हाती ठेवलं. तिथे मी एकटी असते. तिथे कोणी पाहत नाही. तिथे तू ये.

मला वैराग्य नको, पांडुरंगा. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. ते आज माझ्यापासून शंभर पावलांवर आहेत आणि मला त्यांच्याकडे मान वर करून बघवत नाही. मी माझे करार बुडवू शकत नाही. मला भाडं हवं, वेळेवर हवं, अकरा महिन्यांनी थोडं वाढवूनही हवं. घरपट्टी भरायची असते. ज्या खोल्यांत मी राहते त्यांना 40 टक्के सवलत आहे, भाड्याच्या खोल्यांना नाही. करार नोंदवायचे, मुद्रांक भरायचा, अंगठे द्यायचे, यातलं काही चुकवायची बुद्धी मला होऊ देऊ नकोस, बाकी ते मी निभावते.

पण एक गोष्ट मला टोचते ती सांगते. प्राप्तिकराच्या हिशेबात घरपट्टी वजा जाता भाड्याच्या 30 टक्के रक्कम सरकार सोडून देतं. पावती मागत नाही, खर्च केला का विचारत नाही. पोरींच्या खोलीचे वर्षाला 1,08,000 येतात. त्याचे 30 टक्के म्हणजे साधारण 32,000. दरवर्षी ती सवलत मी घेतली. आणि त्या खोलीवर गेल्या तीन वर्षांत मी काय खर्च केलं? एक नळाचा वायसर, एक ट्यूब आणि एकदा रंगाचा एक हात. उरलेल्या पैशांत माझ्या गुडघ्यांचे फोटो निघाले, नातवाच्या मुंजीत आहेर झाला. तो खर्च खोटा नव्हता. पण ते पैसे त्या छताचे होते. यापुढे भाडं आलं की तेवढा भाग वेगळ्या डब्यात ठेवायची मला सवय लाव. मला वैराग्यापेक्षा हा डबा हवा.

आणि तू ज्यातून वाचवलंस त्याचे आभार मानल्याशिवाय कसं उठू. पोरींच्या आधी तिथे एक नवं जोडपं होतं. त्यांनी मोरीत गॅसचा गिझर लावून मागितला होता, स्वस्त पडतो म्हणून. मी लावूनही दिला. मोरी केवढी, तर पाय पसरले की भिंत. खिडकी म्हणजे वर एक झरोका, त्यालाही थंडी येते म्हणून त्यांनी पुठ्ठा लावला होता. एका सकाळी ती मुलगी आंघोळ करून बाहेर आली ती डोकं धरून, आणि दारातच खाली बसली. नवरा घरी होता म्हणून बरं. डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं आणि सांगितलं, बंद जागेत असा गिझर जळला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, माणसाला नुसती गुंगी येते आणि तो तिथेच राहतो. त्या दिवशी दुपारपर्यंत गिझर काढला. विजेचा बसवला, अर्थिंग करून घेतलं, वीज गळली की ती लगेच तोडणारा स्विच बसवला, झरोक्याला जाळी केली. आजही कुणी आंघोळीला गेलं आणि वेळ लागला की मी खालून कान देऊन ऐकते. माझ्या मालकीच्या भिंतींच्या आत माणूस मरू शकतो, हे तोवर मला कळलंच नव्हतं. ते कळण्यासाठी तू कुणाचा जीव घेतला नाहीस. हे मी विसरणार नाही.

2020 साली, करोनातही तू सांभाळलंस. त्या वर्षी पालखी चालत आली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या आणि हा चौक रिकामा राहिला. एप्रिलमध्ये सरकारनं सांगितलं होतं, किमान तीन महिने भाड्याचा तगादा लावू नका, कुणाला बाहेर काढू नका. तेव्हाचा भाडेकरू हॉटेलात कामाला होता, गावी अडकला. दोन महिन्यांचं भाडं मी सोडलं आणि बाकीचं त्याच्या डिपॉझिटमधून कापून घेतलं. जाताना तो पाया पडला. मी आशीर्वाद दिला. आज वाटतं, कापायला नको होतं.

मागते आता.

जिन्यावर पाऊल वाजलं की माझ्या मनात पहिलं "आता काय मोडलं?" असं येतं. ते काढून टाक. कुणी दार वाजवलं तर दार वाजलंय एवढंच मला ऐकू येऊ दे. पावसाच्या आधी गच्चीवर जायला पाय दे, हात धरून का होईना. भाडं घ्यायला मी ज्या ओढीनं पाच तारीख बघते, त्या ओढीनं दुरुस्तीची तारीख बघू दे. अण्णा-वहिनींना या घरात, त्यांच्या खाटेवर, शांतपणे म्हातारं होऊ दे, आणि त्यांच्या जाण्याची वाट बघण्याचं पाप माझ्या किंवा माझ्या मुलाच्या मनात शिरू देऊ नकोस. मुलगा म्हणतो, विकून टाक आई, कशाला हा व्याप. त्याचंही चुकत नाही. पण या घराच्या खाली उभं राहून कुणी पुन्हा "दोन पावसाळे" म्हणालं, तर त्याला तोंडावर नाही म्हणायचं बळ माझ्यामागे मुलाला दे. पोरीला आज थोडी झोप लागू दे. दुसरी रात्रपाळीवरून येईल तेव्हा तिची गादी कोरडी असू दे.

आणि तो मुलगा. त्याचा नंबर माझ्या वहीत आहे. भाड्याच्याच वहीत, शेवटच्या पानावर, पेन्सिलनं. नाव लिहिलेलं नाही, नुसतं 'लातूर' लिहिलंय. नाव लिहायलासुद्धा माझा हात उचलला नाही त्या दिवशी. पालखी हलली, बाया गेल्या, खोली पुसून झाली की मी त्याला फोन करणार आहे. काय बोलू ते मला कळत नाही, ते तू सांग. खोली रिकामी आहे असं म्हणू का? ती तर तेव्हाही रिकामी होती, त्याला माहीत आहे. आधी चुकले म्हणू का? फोनवर म्हणता येईल का ते मला? आता त्याला कुठेतरी जागा मिळाली असेल, मिळालीच असावी, देव करो नि चांगली मिळाली असावी. तो नको म्हणाला तर ते मला ऐकून घेता येऊ दे. काही बोलला, चार शब्द सुनावले, तर मध्ये न बोलता ऐकता येऊ दे. फोन कापला तर पुन्हा करायचा की नाही, तेही तूच ठरव. आणि तो आला, पुन्हा दारात चपला काढून उभा राहिला, तर माझ्या हातून आधी पाणी दिलं जाऊ दे, आणि तो ते पिईपर्यंत मला गप्प बसव.

गवंड्यालाही सकाळीच निरोप देते. अण्णांच्या ओळखीच्या पतपेढीत माझ्या बांगड्या ठेवून 72,000 उभे राहतील, बघितलंय मी. पाऊस उघडीप देईल तेव्हा चार दिवस सलग दे, तेवढ्यात कोबा होतो असं तो म्हणाला होता. तोवर वर ताडपत्री घालते.

बोळात कुणीतरी उठलंय, भांडी वाजली. चुलीला आग घालताहेत वाटतं, निघायच्या आधी चहा होईल. मलाही दूध तापवायला हवं, अकरा जणींना पुरेल एवढं. पाऊस अजून थांबलेला नाही. बादली भरत आली असेल. बघून येते.